मोडीवाल्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

काका, साष्टांग नमस्कार.

नाव कुठे टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं काका लिहितेय, ओळखणारे ओळखतीलच. त्या दिवशी फोनवर मला नीट बोलताच आलं नाही, गळा भरून आला होता, आणि तुम्ही "बरं बरं, आईंना नमस्कार सांगा" म्हणून फोन ठेवून दिलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

बाकीच्यांना थोडं मागचं सांगते, काकांनी आमच्या घरातला जुना मोडी कागद आम्हाला वाचून दिला, त्याची ही गोष्ट. आईचं माहेर बारामतीचं, जुन्या गावातलं. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगत आले की आपले मूळ पुरुष बाबूजी नाइकांच्या पदरी कारकून होते. बाबूजी नाईक जोशी म्हणजे काही गावातले साधे सावकार नव्हेत, पेशव्यांना कर्ज देणारा माणूस तो, आणि त्यांचा भाऊ आबाजी म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या बहिणीचा, भिऊबाईंचा नवरा, म्हणजे सोयरेही तेच आणि धनकोही तेच. 1740 साली बाजीराव रावेरखेडीला वारले तेव्हा कर्जात बुडालेले होते, त्यात बाबूजींचंही येणं होतं, आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांनी तर पेशवाईच बाबूजींना द्यावी म्हणून शाहू महाराजांकडे जोर लावला होता. पेशवाईची वस्त्रं मिळाली बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. मग बाबूजींनी पैशाचा तगादा लावला आणि शेवटी पेशव्यांचे कारभारी पुरंदरे यांनी आपली पत पणाला लावून नानासाहेबांना त्यातून सोडवलं. विचार करा, एक सावकार पेशवा व्हायचा राहिला. आणि मोरोपंत, ज्यांच्या आर्या आपण शाळेत घोकल्या, ते पन्हाळ्याला जन्मले पण आयुष्य काढलं बारामतीत, बाबूजींच्या आश्रयाला, 1794 ला गेले तेही तिथेच. शाळेत आम्हाला कवीचं नाव सांगितलं, ज्याच्या जिवावर तो निवांत लिहू शकला त्याचं नाव नाही सांगितलं कुणी.

आणि एवढं सगळं गेलं कुठे? वाडा आहे कऱ्हेकाठी, तटबंदीवाला, पण कित्येक वर्षं त्यात सरकारी कचेऱ्या होत्या. आई लहानपणी आजोबांचं बोट धरून तिथे गेलेली, कसलातरी उतारा काढायला, आणि आजोबा टेबलं-कपाटांच्या गर्दीत एका ओवरीकडे बोट दाखवून म्हणाले होते की इथे आपली माणसं लिहायला बसायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे बसलंय. आजोबांनंतर मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नाही आणि कागद तेवढे रुमालात बांधून राहिले.

आता ज्यांनी ते कागद तुमच्याआधी हाताळले त्यांच्याबद्दल. नावं नाही घेत पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. एक गृहस्थ, स्वतःला इतिहास संशोधक म्हणवणारे, मामानं विश्वासानं त्यांच्याकडे कागद दिले तर दोन पावसाळे उलटले तरी परत नाहीत, फोन उचलायचे नाहीत, आणि शेवटी परत आले तेव्हा त्यातला एक चक्क लॅमिनेट केलेला! अडीचशे वर्षांचा हातकागद, गरम प्लास्टिकमध्ये दाबलेला, आता तो जन्मात मोकळा व्हायचा नाही. दुसरे त्याहून ग्रेट. त्यांनी कागद नुसते लांबून बघितले आणि म्हणाले ताई यातून इस्टेटीवर हक्क निघतो, वाड्यात हिस्सा निघेल, आधी ॲडव्हान्स द्या मग पुढचं बोलू. माझी आई त्या रात्री झोपली नाही. तिला हिस्सा नको होता हो, तिला फक्त काय लिहिलंय ते हवं होतं, आणि हे कुणाला समजतच नव्हतं, प्रत्येकजण एकतर कागदाचा भुकेला नाहीतर पैशाचा.

मग तुम्ही भेटलात. काम कसं झालं ते सगळं लिहीत बसत नाही. तुम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलंत की यात मालकी-बिलकी काही नाही, ही एक याद आहे, कारकुनाला वर्षाकाठी काय दिलं त्याची, ज्वारी, तूप, एक लुगडं. "नाइकांकडील" असं आहे, पण कोणते नाईक ते कागद सांगत नाही तेव्हा बाबूजीच असं छातीठोक म्हणू नका. किती बरं वाटलं मला ते ऐकून! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कागदात आहे तेवढंच सांगत होतं. कालगणना पण तुम्हीच उलगडून दाखवलीत, "सबा सबैन मया व अलफ", सात, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे त्या काळच्या कागदांवर घालायचे तो सुहूर सन, 1177, त्यात 599 मिळवले की 1776, आणि मृगानंतर वर्ष बदलतं म्हणून पुढच्या वर्षाचे पहिले काही महिनेही त्यातच. आई बोटांवर मोजत होती तुमच्याबरोबर. म्हणजे मोरोपंत त्या गावात हयात असतानाचा कागद, आमच्या रुमालातला.

पण काका, हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र त्या फुलस्केप कागदांसाठी आहे.

तुम्ही मला टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं असतं तरी काम झालं असतं, आम्ही तेवढंच मागितलं होतं. पण आईला एका डोळ्यानं नीट दिसत नाही हे तुम्ही बघितलंत, तिनं पाण्याचा पेला चाचपून उचलला तेवढ्यावरून, आणि पुढच्या वेळी येताना तुम्ही अख्खी याद बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, हातानं उतरवून आणलीत, काळ्या जाड स्केचपेननं, अक्षरं अंगठ्याएवढी. तीही ओळीला ओळ लावून. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, सगळं एका दमात धावतं, पण तुम्ही मूळ कागदात ओळ जिथे संपते तिथेच तुमचीही ओळ संपवलीत, म्हणजे आईनं डावं बोट जुन्या कागदावर ठेवायचं आणि उजवं तुमच्या कागदावर, आणि दोन्ही बरोबर खाली सरकवायची. जिथे अक्षर लागलं नाही तिथे टिंबं दिलीत, अंदाजानं शब्द घुसडला नाहीत. आईनं स्वतः वाचलं, मोठ्यानं. आमच्या वंशावळीतलं सगळ्यात वरचं नाव त्या यादीत आलं तिथे ती थांबली आणि परत पहिल्यापासून वाचायला लागली, आणि तुम्ही घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत, तुमची गाडी चुकली तरी.

पैसे घेतले नाहीत. गाडीभाडं पण नाही. लिंबाचं लोणचं मात्र घेतलंत, तेही आई रागावली म्हणून.

माणसं वाईट झालीत असं आपण येताजाता म्हणतो, मीही म्हणायचे, त्या ॲडव्हान्सवाल्यानंतर तर फारच. पण ज्याला विद्या येते आणि ती दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं ज्याला सुचतं, असा माणूस अजून एस्टीनं फिरतोय. मला याचं फार अप्रूप वाटतं, अगदी मनापासून.

तुम्ही मला रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या सरकारी कागदांतून, निवडून छापलेले 45 खंड बघायला सांगितलेत, त्याला मी लागलेय. बाबूजींचं नाव दिसलं की चिठ्ठी घालून ठेवते. नाइकांचं पुढे काय झालं, इस्टेट कशी कशी हातची गेली, ते मला आता नीट समजून घ्यायचंय, हक्क सांगायला नाही, आईला सांगायला.

आणि एक, मामाकडे ट्रंकेत अजून थोडे कागद निघालेत. कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत असं आईनं त्याला दम भरलाय. दिवाळीनंतर तुम्हाला जमेल तेव्हा या, यावेळी जाण्यायेण्याचं भाडं आम्ही देणार आणि तुम्ही घेणार, आणि मुक्कामाला यायचं, गाडीचं टेन्शन नको.

तुमची,
बारामतीच्या ताईंची लेक