जॅक्सनचा खून पाठ आहे, खटला कुणालाच माहीत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

क्रांतिकारक अनंत कान्हेरेंवर लेख येतात त्यात विजयानंद थिएटर, २१ डिसेंबर १९०९, नाशिकचा कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या हे सगळं असतं आणि असायलाच पाहिजे, पण त्यानंतर एकदम १९ एप्रिल १९१० ची ठाण्याची फाशी येते. अहो मधल्या चार महिन्यांत काय झालं? ज्या कोर्टात खटला चालला त्यात ज्युरीच (दोषी की निर्दोष ते सांगणारे सामान्य नागरिक) नव्हती आणि अपीलची सोयच नव्हती, हे किती नाशिककरांना माहीत आहे?

डिसेंबर १९०८ मध्ये सरकारने फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून घेतली, असे खटले हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी ज्युरीशिवाय चालवायचे आणि त्यांचा निकाल फायनल. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे, देशपांडे यांचा खटला तसाच चालला आणि मग १९१० मध्ये नाशिक कटाचा, ३८ आरोपींचा, तोही तसाच. सरकारला ज्युरीचा एवढा राग का होता ते टिळकांच्या राजद्रोहाच्या दोन केसमध्ये दिसतं. १८९७ मध्ये नऊपैकी सहा युरोपियन दोषी म्हणाले आणि तिघे हिंदी लोक निर्दोष म्हणाले, १९०८ मध्ये सात विरुद्ध दोन. टिळकांना शिक्षा झालीच, पण ज्युरीतली आपली माणसं सरकारच्या विरोधात गेली हे जगाला दिसलं ना! मग ज्युरीच काढून टाकली, विषय कट.

बाबाराव सावरकरांचं तर अजून वेगळं. जून १९०९, म्हणजे जॅक्सनच्या खुनाआधी सहा महिने, जन्मठेप काळं पाणी, कशासाठी तर कवितांची पुस्तिका छापली म्हणून. आणि नुसतं राजद्रोहाचं कलम १२४ अ नाही लावलं, १२१ पण लावलं, म्हणजे सरकारविरुद्ध युद्ध! त्या कलमात चिथावणी पण बसते, आणि देव, शिवाजी महाराज ही नावं नुसता बहाणा आहे, खरा अर्थ तलवार उचला असा आहे, असं हायकोर्ट म्हणालं. त्या बेंचवर कोण होतं माहितीये? न्या. चंदावरकर, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. नाशिक कटाच्या बेंचवर पण तेच होते. मला हे वाचून आजही कसंतरी होतं.

आणि याच इंग्रजांनी स्वतःच्या देशात १६९५ च्या कायद्याने ट्रीझनच्या, म्हणजे राजाविरुद्ध युद्धासारख्या गुन्ह्याच्या, आरोपीला वकील दिला, आरोपपत्राची प्रत आधी द्यायची ठरवली, दोन साक्षीदारांशिवाय दोषी ठरवायचं नाही असं केलं. आपल्या १२१ मध्ये दोन साक्षीदारांची अट तेव्हाही नव्हती, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १४७ झालं तरी आजही नाही. टीव्हीवर मात्र चर्चा फक्त १२४ अ गेलं आणि १५२ आलं एवढीच, की जुनंच नवीन नावाने आलं का वगैरे. ती पण व्हावी, पण खटला कोणासमोर, जामीन मिळतो का, अपील कुठे, हे कुणी विचारतच नाही. आज अपील आहे, बरंय, पण ते १९१० च्या पोरांना नव्हतं हे कुठेतरी लिहा.

एक सुचवतो. कान्हेरे मैदानाला अजून अर्धं गाव गोल्फ क्लबच म्हणतं. तिथे जॉगिंगला येणाऱ्यांना दिसेल असा मोठा बोर्ड लावावा, त्यावर खटल्याची कलमं, न्यायाधीशांची नावं आणि 'अपील नाही' हे शब्द असावेत. महापालिकेकडे तुम्ही पेपरवाल्यांनीच पाठपुरावा केला तर होईल, आमच्यासारख्यांचे अर्ज तिथे कोण वाचतंय!

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक