भूत नसलेल्या भयपटासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाची नाट्यशाखा यंदा चित्रपट करायला घेत आहे. पूर्ण लांबीचा, गावातल्या गावात, पाठीशी कोणी निर्माता नसताना. भयपट आहे, पण त्यात भूत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडचं एक कौलारू घर, घरात आई, बाप, आजी, अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. संध्याकाळी छपरीत बापाच्या सायकलचं स्टँड लागतं आणि त्या आवाजावरूनच मुलीला कळतं की आजची रात्र कशी जाणार. स्टँड सावकाश लागलं तर सगळ्यांचं जेवण होईल. सायकल भिंतीवर आदळली तर ती भावाला ओढत धानाच्या ढोलीमागे जाऊन बसते. पुढे आईची दातखिळी बसायला लागते आणि गाव म्हणतं, बाईला बाहेरची बाधा झाली.

आपल्याकडे हे किती सहज बोललं जातं ते आपण सगळेच जाणतो. बाई जेवेनाशी झाली, रात्री ओरडत उठायला लागली की आधी पुजाऱ्याकडे नेतात. अंगारा, लिंबू, मिरच्यांची धुरी, कधी मारही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याप्रमाणे भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं गुन्हा आहे. घरातल्या छळासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे आणि त्यात मारासोबत शिवीगाळ, धमकी, पैशाची कोंडीही येते. तरी अंगावरचे वळ दिसत असताना घरातल्या माणसाचं नाव घ्यायला कोणी धजत नाही. भुताचं नाव लगेच घेतलं जातं. भुताशी कोणाची सोयरीक नसते, त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणाला रोवण्याला जावं लागत नाही.

नाटकच का नाही केलं, असं बरेच जण विचारतात. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या माणसाने हे विचारणं साहजिक आहे. दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्रीची नाटकं पाहतच आपण वाढलो. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्या मुलखाला आनंद झाला. पण आपलं नाटक हजारोंच्या मंडपात, मोठ्या आवाजात रंगतं. काळजाला चरे पाडणारा प्रवेश झाला की मागोमाग गाणं येतं, नकलाकार येतो, लोक मोकळे होतात. या गोष्टीत तसं मोकळं होऊ द्यायचं नाही. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज, आजीचं मान खाली घालून तांदूळ निवडत राहणं, हे मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. कॅमेरा तिथे जवळ जाऊ शकतो.

कलावंत आपल्याच रंगभूमीचे आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांना उसंत नसते, म्हणून चित्रीकरण होळीनंतर तीन आठवडे.

मुलीच्या कामाबद्दल पालकांनी काळजी विचारली, ती रास्त आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय आम्ही कॅमेरा लावणार नाही. नियमाने मूल दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करू शकत नाही. तिचे रात्रीचे प्रसंगही आम्ही दिवसाच घेऊ, खिडक्यांना काळी ताडपत्री लावून. माराचा एकही प्रसंग तिच्यासमोर घेतला जाणार नाही आणि तिची आई कायम तिथे असेल.

आणखी एक. ही कोणाच्या घरची गोष्ट नाही. विश्वासाने आम्हाला कोणी काही सांगितलं असेल, तर त्यातलं एक अक्षरही पटकथेत नाही.

आता मदतीचं. एकूण खर्च ६ लाख ८० हजार रुपये धरला आहे, २ लाख ३५ हजार जमले आहेत. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या गावच्याच पोरांनी कॅमेरे बिनभाड्याने दिले. सर्वांत मोठा खर्च आवाजाचा आहे: चांगले माईक, ते हाताळणारा जाणकार आणि नंतरचं ध्वनिकाम. भयपटात आवाज फसला तर सगळंच फसतं, म्हणून तिथे काटकसर करायची नाही. त्याखालोखाल जनरेटर आणि डिझेल. कलावंतांचं मानधन कमी आहे, पण बुडवायचं नाही, असं ठरलं आहे.

पैसे नसतील तर तांदूळ, तूरडाळ, तेल द्या. तीसेक माणसं रोज जेवतील. कोणाकडे जुनं, कोणी राहत नसलेलं कौलारू घर असेल तर तीन आठवड्यांसाठी हवं आहे. मोडतोड झाली तर आम्ही दुरुस्त करून देऊ. आणि शेजारच्या वाड्यांना हात जोडून विनंती, चित्रीकरणाच्या रात्री मोटारपंप आणि लाउडस्पीकर बंद ठेवा. ही मदत पैशाने विकत घेता येत नाही.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आयकराची सवलत मात्र मिळणार नाही. जमाखर्च दर आठवड्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं सांगा. पक्षाचं बॅनर किंवा भूमिकेची अट घालून दिलेला पैसा घेणार नाही.

पहिला खेळ गावातच, मोफत होईल. त्या रात्री कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना आणि समुपदेशकांना बोलावू, कारण चित्रपट पाहून कोणाला बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस तिथेच हवं. तोवर थांबू नका. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक चालू आहेत.

रोख, धनादेश आणि ऑनलाइन देणगी वाचनालयात रोज संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत घेतली जाईल. धान्य बाजाराच्या दिवशी आणा, म्हणजे उतरवायला पोरं हजर असतील. घर द्यायची इच्छा असणाऱ्यांनी मात्र होळीच्या पंधरा दिवस आधी तरी कळवावं, कारण तारा ओढायला आणि ताडपत्री लावायला तेवढा वेळ लागतो.

आपली,
कार्यकारिणी, सार्वजनिक वाचनालय व नाट्यशाखा