वेड्यांचं इस्पितळ पडद्यावर आणण्याआधी : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतोय. रोज सकाळी रंकाळ्याला चक्कर मारतो, घरच्या दुकानाचा हिशेब तोच ठेवतो. मागच्या महिन्यात आम्ही टीव्हीवर एक भयपट बघत होतो. पडकं मनोरुग्णालय, साखळदंड, बांधून दिलेला शॉक. तो मधूनच उठला. "ताई, लोकांना आम्ही असेच वाटतो का गं?" एवढंच म्हणाला आणि आत गेला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्सला 1878 मध्ये टेकडीवर सरकारी मनोरुग्णालय सुरू झालं. उजेड, मोकळी हवा आणि हाताला काम मिळालं की माणूस सावरतो, या विश्वासानं बांधलेलं. पुढं गर्दी इतकी वाढली की तो विश्वासच गुदमरला. 1992 मध्ये ते बंद झालं. रिकाम्या इमारतीत 'सेशन नाइन' हा भयपट चित्रित झाला, 2001 मध्ये तो आला आणि ती वास्तू भुतांची म्हणून जगभर गाजली. पण तिथल्या दफनभूमीत थडग्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. जुनी दप्तरं धुंडाळून ती नावं परत मिळवली तिथं राहून आलेल्या पेशंटनी. मला त्या वास्तूची हीच गोष्ट मोठी वाटते.

आपल्याकडं बदनाम व्हायला मनोरुग्णालय बंदही पडावं लागत नाही. ठाणं, येरवडा इथं आजही उपचार चालतात, आणि तरी नाटक-सिनेमात 'ठाण्याला पाठवा' म्हटलं की हशा ठरलेला.

साहेब, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 95 बघा. पेशंटला साखळीनं बांधायला आणि भूल न देता शॉक द्यायला त्यात सक्त मनाई आहे. पडद्यावर मात्र उपचार म्हणजे हेच दोन. त्याच कायद्याचं कलम 30 सांगतं की या आजाराचा कलंक कमी करणारे कार्यक्रम सरकारनं आखावेत, त्याला पैसा द्यावा.

मग ते काम कोल्हापुरात का होऊ नये? बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये इथंच 'सावकारी पाश' हा चित्रपट केला, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं दुःख त्याच्या बाजूनं दाखवलं. आज चित्रनगरी आपल्याच खात्याकडं आहे. तिथं बऱ्या झालेल्या, होत असलेल्या माणसांवर लघुपट करून घ्या. आणि मानसिक आजारावरच्या ज्या चित्रपटाला सरकारी अनुदान जाईल, त्याची पटकथा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञानं आणि आजारातून गेलेल्या एका माणसानं आधी वाचावी. भयपट बंद करा, असं माझं मागणं नाही.

वाचायला माणूस लागला तर माझा भाऊ तयार आहे. हे पत्रही त्याला वाचून दाखवूनच पाठवतेय.

आपली नम्र,
एका पेशंटची बहीण
मंगळवार पेठ, कोल्हापूर