पत्ता शेवटाकडून वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी महा ई-सेवा केंद्र चालवतो. सप्टेंबर 2025 मध्ये 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा एक ताई मोबाइल घेऊन आल्या. "दादा, मघापासून नुसतं गोल गोल फिरतंय, बघा की जरा." पान हुबेहूब सरकारी दिसत होते, वर कुलपाचे चिन्हही होते. पण आधार क्रमांकाखालच्या चौकटीत एटीएम कार्डामागचे तीन आकडे मागितले होते. केवायसीला ते कधीच लागत नाहीत. वरचा पत्ता बोटाने सरकवून पाहिला: सुरुवातीला 'लाडकीबहीण-महाराष्ट्र-जीओव्ही' आणि शेवटी 'डॉट ऑनलाइन'. तिथल्या तिथे बँकेला फोन लावून कार्ड बंद केले. पैसे वाचले, पण ताईंचा आणि त्यांच्या मालकांचा आधार क्रमांक गेला तो गेलाच.

कुलूप दिसले की माणसे निर्धास्त होतात. वाटेत तुमची माहिती कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कोण बसले आहे, हे ते सांगत नाही. भामट्यालाही ते फुकट मिळते. खरी ओळख पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी असते. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' नसेल, तर सरकारी कामासाठी ते पान उघडूच नये. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितले होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 'लाडकी बहीण' हे शब्द रोमन लिपीत ज्याला जसे सुचेल तसे लिहितो. स्पेलिंग नक्की माहीत नसल्यामुळे बाया गूगलवर शोधतात, आणि सगळ्यात वर येते ती पैसे भरून लावलेली जाहिरात. त्या ताईही तिथूनच गेल्या होत्या. यात त्यांचा काय दोष?

म्हणून आपल्याला कळकळीची विनंती. योजनेच्या बातमीत 'अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करावा' एवढेच छापू नका. पूर्ण पत्ता, एकेका अक्षरासह, ठळक चौकटीत द्या, आणि त्याखाली सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक 1930. बायका ते कात्रण कापून पर्समध्ये ठेवतील. माझ्या केंद्राच्या दारावर मी ते आजच चिकटवतो.

आपला,
एक केंद्रचालक, बार्शी