बाउंड्रीवरच्या माझ्या लेकास

सोन्या,

काल फोनवर म्हणालास, "बाबा, खेळ संपला. आता नुसती बडबड उरली." गुडघ्यामुळे फुटबॉल सुटला, आता रेडिओसाठी बाउंड्रीवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभं राहून सामन्याचं सांगायचं, त्यालाच तू बडबड म्हणालास. मी गप्प बसलो. फोनवर मला मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

सहा वर्षांचा होतास तेव्हा रिचमंडच्या, आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या, १२ नंबरच्या जर्सीसाठी केवढा हट्ट केला होतास! मॅथ्यू रिचर्डसनचा नंबर. त्याचे वडील अ‍ॅलन १९६७ साली रिचमंडच्या विजेत्या संघात होते. मॅथ्यू १९९३ पासून त्याच क्लबकडून २८२ सामने खेळला, ८०० गोल मारले, पण ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, काही नशिबात आली नाही. १९९५ मध्ये तुझ्यासारखाच गुडघा गेला होता, तरी परत उभा राहिला. २००९ मध्ये मात्र हॅमस्ट्रिंगने, मांडीच्या मागच्या स्नायूने, थांबवलंच. पुढे चॅनल सेव्हन या टीव्ही वाहिनीचा माइक घेऊन तो बाउंड्रीवर आला.

त्याला बडबड म्हणशील का? एखादा पोरगा लंगडत बाहेर येतो, तेव्हा वर काचेआड बसलेल्यांना फक्त लंगडणं दिसतं. फिजिओचा हात गुडघ्यावर आहे की मांडीच्या मागे, पोरगा पट्टी बांधून घेतोय की बुटाच्या नाड्या सोडतोय, हे खाली उभ्या असलेल्यालाच कळतं. नाड्या सोडल्या म्हणजे काय, हे तुला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी बाकावर तुझ्या नाड्या मीच सोडल्या होत्या रे. म्हणून एकच मागतो: अशा पोराच्या तोंडासमोर लगेच माइक धरू नकोस. निर्माता कानात कितीही ओरडू दे.

बाकी काम शिकावं लागेलच. वाक्यं छोटी ठेव. वारा कुठल्या गोलकडे वाहतोय ते आधी सांग, रेडिओवर ऐकणाऱ्याला तो दिसत नाही. आणि खेळाडूंची नावं आदल्या दिवशी त्यांनाच विचारून घे. आपलं आडनाव शाळेत दर वर्षी कसं मोडून वाचायचे, आणि तू घरी येऊन कसा घुम्यासारखा बसायचास, ते मी विसरलेलो नाही.

शनिवारी आई आणि मी गाडीत बसून ऐकणार आहोत. घरात त्या स्टेशनची फार खरखर येते. आईने आत्ताच थर्मास काढून ठेवलाय. पावसाचं आहे, जाकीट घेऊन जा.

तुझे बाबा