‘गुण द्या, घसरण लावा’ : शाडूच्या गणपतीच्या किटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : 8 सप्टेंबर 2025

विषय : शाडूच्या गणपतीच्या किटमधली चुकीची कृतीपुस्तिका आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणून दिलेले अॅक्रिलिक रंग

महोदय/महोदया,

28 जुलैला मी तुमच्याकडून शाडूच्या गणपतीचे सात किट मागवले. एकाचे 749 रुपये, सातांचे 5,243. आमच्या इमारतीतली आठ ते बारा वर्षांची सात मुले यंदा घरचा गणपती स्वतःच्या हाताने करणार होती. पालकांनी पैसे माझ्याकडे दिले, कारण माझे माहेर कुडाळचे. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला ‘शाळा’ म्हणतात आणि माझ्या मामांनी अशा शाळेत तीस वर्षे काम केले आहे. लहानपणी मी तिथे बसून माती मळली आहे, पण पूर्ण मूर्ती कधी केली नाही. म्हणूनच, ‘पायरी-पायरीने मार्गदर्शन, मराठीतून’ असे खोक्यावर छापलेले पाहून किट घेतले.

3 ऑगस्टच्या रविवारी आम्ही गच्चीवरच्या शेडमध्ये बसलो. माती चांगली होती, हे आधी सांगते. बारीक, मऊ, खडा नाही. तक्रार मातीची नाही, पुस्तिकेची आहे.

पाचव्या पायरीपर्यंत कसेबसे निभावले. पाट, त्यावर मांडी, मग पोटाचा गोळा. सहावी पायरी मी जशीच्या तशी उतरवून देते : ‘हात आणि धड यांच्या पृष्ठभागांवर गुण द्या, घसरण लावा आणि सामील व्हा.’ नऊ वर्षांच्या एका मुलीने हात वर करून विचारले, ‘काकू, कितीपैकी गुण द्यायचे?’ सातही मुले माझ्याकडे बघत राहिली आणि मला उत्तर देता आले नाही. रात्री माझ्या मुलाने ते वाक्य इंग्रजीत फिरवून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मूळ शब्द ‘स्कोअर’ आणि ‘स्लिप’ असणार. म्हणजे जोडायच्या दोन्ही जागी सुईने आडवेउभे ओरखडे काढायचे आणि घट्ट ताकासारखी कालवलेली माती लावून भाग एकमेकांवर दाबायचे. मूर्तीचे हात, सोंड, कान ज्या एका कृतीवर टिकतात, तीच कृती तुमच्या पुस्तिकेत मराठी वाचणाऱ्याला कळत नाही. यंत्राने केलेले भाषांतर छापण्याआधी कोणी एकदाही मोठ्याने वाचले नाही, हे उघड आहे.

ते वाक्य न कळल्यामुळे मुलांनी हात पाण्याने चिकटवले. शिवाय मान आणि हात यांच्यात बांबूची काडी ‘पूर्ण आतपर्यंत’ घालायला सांगितली होती, ती घातली. ‘पंख्याखाली किंवा उन्हात 24 तास वाळवा’ असे होते, म्हणून घरोघरी मूर्ती पंख्याखाली गेल्या. बुधवारी सकाळी तीच मुलगी स्टीलचे ताट घेऊन माझ्या दारात आली. ताटात गणपती होता. सोंड गळून पाटावर पडली होती, डावा हात कोपरापासून सुटून काडीवर लोंबत होता, आणि गळ्याभोवती, बरोबर काडी होती तिथे, करंगळीचे नख जाईल एवढी भेग. ती रडत नव्हती. सोंड उचलून पुन्हा पुन्हा जागेवर धरून बघत होती. सातपैकी पाच मूर्तींची हीच गत झाली.

दुसऱ्या दिवशी, 7 ऑगस्टला, मी फोटोंसह मेल केला. उत्तर आले की माती नैसर्गिक असल्याने तडे जाऊ शकतात आणि खोके उघडलेले असल्याने परतावा मिळणार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. तडे का गेले ते आम्हाला त्याच संध्याकाळी कळले, कारण मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. भेग बघताक्षणी ते म्हणाले, ‘बाय, माती सुकताना आकसता, काडी आकसणा नाय. मगे तडो जातलोच.’ वरून पंखा असला की बाहेरची माती भराभर सुकते, आतली ओली राहते, आणि बाहेरची साल ताणली जाऊन फाटते. पावसाळी हवेत पहिले दोन दिवस मूर्तीवर ओलसर फडके सैल पांघरायचे, मग सावलीत उघडी ठेवायची, आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. पोटाचा गोळा जाड असेल तर मूर्ती जरा घट्ट झाल्यावर खालून कोरून पोकळ करायची. जोडायचे दोन्ही भाग सारखेच ओले हवेत. सोंड सुटी करून डकवण्यापेक्षा डोक्याच्याच मातीतून ओढून काढली तर गळत नाही. यातले एकही वाक्य तुमच्या सोळा पानी पुस्तिकेत नाही. सोळापैकी चार पानांवर मात्र तुमच्या इतर किटच्या जाहिराती आहेत.

फोटोंचेही तेच. पाचव्या पायरीच्या फोटोत नुसता गोळा दिसतो आणि सातव्यात मुकुट, दागिने, बोटांसकट पूर्ण मूर्ती. मधले सगळे कुठे गेले? पुस्तिकेवरचा कोड स्कॅन केला तर दोन मिनिटांचा व्हिडिओ उघडतो. तो एवढा पळवलेला आहे की हात कुठे दाबला ते दिसत नाही, आणि बोलण्याऐवजी फक्त संगीत आहे. शिकणाऱ्याला नेमके ते थांबणे बघायचे असते : माती किती ओली असताना बोट लावले, किती वेळ धरून ठेवले. घाईने दाखवलेली कृती बघून मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. आमच्याकडच्या दोन मुलांनी तर ‘आम्ही नाही करणार’ म्हणून पेट्या मिटवल्या होत्या. त्यांना पुन्हा बसवताना मला जे कष्ट पडले, त्याचे मोल मी मागत नाही, पण त्याची जबाबदारी तुमची आहे.

मोडलेली माती वाया गेली नाही, कारण शाडू भाजलेली नसते. तुकडे वाळवून, भिजवून, पुन्हा मळून 10 ऑगस्टला आम्ही नव्याने बसलो. मामा कुडाळहून फोनवर सांगत होते आणि बारा वर्षांचा एक मुलगा प्रत्येक वाक्य तुमच्याच पुस्तिकेच्या कोऱ्या मलपृष्ठावर लिहून घेत होता. सातही मूर्ती उभ्या राहिल्या. 27 ऑगस्टला सात घरांत त्यांची प्राणप्रतिष्ठा झाली.

आता रंगांविषयी. खोक्यावर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द आहे. आत मात्र अॅक्रिलिकच्या सहा बाटल्या आणि वॉर्निशची एक. मी विश्वासाने ते रंग मुलांच्या हाती दिले, ही माझीही चूक. दीड दिवसाच्या गणपतीचे 28 तारखेला बादलीत विसर्जन केले. शाडू पाण्यात विरघळून तळाशी बसली आणि वर पितांबराचा पिवळा, मुकुटाचा सोनेरी रंग पापुद्र्यांसारखा तरंगत राहिला. अॅक्रिलिक सुकल्यावर त्याचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा होतो, तो पाण्यात विरत नाही. ती माती कुंडीत घालायचे ठरले होते. शेवटी मी आणि दोन आया चहाच्या गाळणीने ते पापुद्रे वेचत बसलो. गेरू, हळद, कुंकू यांनीही मूर्ती रंगते. शाडू देऊन वर अॅक्रिलिक देणे ही खोक्यावरच्या शब्दाशी सरळ फसवणूक आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. सातही किटचे 5,243 रुपये परत करा, म्हणजे पालकांना ते परत देता येतील. सध्याची पुस्तिका विक्रीतून काढा. नवी पुस्तिका मूर्ती घडवणाऱ्या माणसाकडून मराठीतच लिहून घ्या, त्याला मोबदला द्या, पुस्तिकेवर त्याचे नाव छापा, आणि छापण्याआधी दहा वर्षांच्या मुलासमोर ठेवून त्याला एकट्याला करू द्या. तो जिथे अडेल तिथे पायरी राहिली आहे. अॅक्रिलिक आणि वॉर्निश काढून टाका, नाहीतर खोक्यावरचे ते पान आणि तो शब्द काढा.

मामांनी सांगितलेली कृती लिहिलेल्या मलपृष्ठाचा फोटो सोबत जोडला आहे, म्हणजे काय राहिले ते तुम्हाला दिसेल. तो मजकूर वापरायचा असेल तर आधी मामांची परवानगी घ्यावी लागेल. त्यासाठी मला कळवा, मी गाठ घालून देईन.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या पहिल्या तक्रारीला काल महिना झाला. या पत्राला 15 दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपली,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)

सोबत : सात किटची पावती, मोडलेल्या पाच मूर्तींचे फोटो, पुस्तिकेच्या सहाव्या पायरीच्या पानाचा फोटो, मलपृष्ठावरील हस्तलिखित कृतीचा फोटो, विसर्जनानंतरच्या बादलीचा फोटो, 7 ऑगस्टचा मेल आणि त्याचे उत्तर