अमरावती रोडवरच्या एसीवाल्या भाऊंना, मनापासून थँक्यू

भाऊ, नमस्कार. मे महिन्यात नवतपा सुरू असताना दुपारी दीडच्या सुमारास तुमच्या शेडसमोर एक पांढरी जुनी हॅचबॅक येऊन थांबली होती, मागच्या सीटवर ओला पंचा डोक्यावर घेतलेले माझे बाबा होते, आठवतंय ना? ती मी. त्या दिवशी बाबांची अपॉइंटमेंट गाठायची घाई होती, तुम्हाला धड थँक्यू पण म्हटलं नाही, आणि ते मनात राहूनच गेलं. तुमचा मुलगा मोबाईलवर असतो म्हणालात, तो वाचून दाखवेल म्हणून इथे लिहितेय.

बाबांची बायपास होऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि चेकअपला अमरावतीहून नागपूर, म्हणजे दीडशे किलोमीटर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की उन्हात फिरवू नका. आणि आमच्या गाडीचा एसी मार्चपासून रुसलेला, आधी एका गॅरेजमध्ये दाखवला तर गॅस कमी आहे म्हणून टॉपअप केला, चार दिवस बरं वाटलं, मग एप्रिलमध्ये परत तेच, परत टॉपअप, परत पैसे. त्या दिवशी तळेगाव, कारंजा, कोंढाळीपर्यंत बऱ्यापैकी गार हवा येत होती, पण नागपूरजवळच्या वाडीला ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली आणि जाळीतून सरळ गरम हवा यायला लागली. काच उघडली तर बाहेर ४५ डिग्री, काच लावली तर आत भट्टी. बाबा काही बोलत नव्हते पण आरशात त्यांचा चेहरा दिसत होता, तो अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी बाबांना कूलरसमोर खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. आणि मग मला एकच प्रश्न विचारलात, "ताई, गाडी पळते तेव्हा थंड लागते, अन् थांबली की गरम, असं होते का?" भाऊ, दोन महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता! मी हो म्हटलं तर तुम्ही एसी चालू करायला लावला, पुढे वाकून बघितलंत आणि म्हणालात, "हे पाहा, फॅन फिरूनच नाही राहिला."

रेडिएटरचा पंखा फिरत होता, त्यामुळे इंजिन तापत नव्हतं आणि टेम्परेचरचा काटा पण जागच्या जागी, म्हणून मला कधी शंकाच आली नाही. बाजूचा कंडेन्सरचा पंखा मात्र बंद पडलेला. तुम्ही किती सोपं करून सांगितलंत, की गाडीतली गरमी गॅस उचलतो आणि पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत आणून सोडतो, गाडी ऐंशीने पळत असली की वारा आपोआप ती गरमी घेऊन जातो, पण सिग्नलला ते काम पंख्याचं, आणि पंखाच नसला तर गरमी जाईल कुठे. मग तुम्ही गॅसचं प्रेशर मोजायचे मीटर लावले, लाल मीटरचा काटा चढत चढत ४०० पीएसआयच्या वर गेला आणि टक् आवाज करून गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरचा क्लच सुटला. गाडी स्वतःला वाचवायला कंप्रेसर बंद करतेय म्हणालात. लगेच पोराकडून कंडेन्सरवर पाण्याची बारीक धार सोडवली, तर काटा सरसर खाली, क्लच परत लागला आणि आत गार हवा! मी तर बघतच राहिले.

पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून डायरेक्ट दोन वायरी दिल्या तरी ढिम्म, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूच ठोकलं तर चार फेरे फिरून पुन्हा बंद. मोटरला आत करंट पोचवणारे कार्बन झिजलेले, मोटर गेली. पोराला गाडीवर पाठवून मोटर मागवलीत आणि ती येईपर्यंत कंडेन्सरमध्ये अडकलेले कापसाचे तंतू आणि धूळ पाण्याने धुवून काढलीत, प्रेशर जास्त नको, पत्ती वाकते, असं पोराला समजावत.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते गॅससाठी. तुम्ही बॉनेटखालचं स्टिकर दाखवलंत, ४२० ग्रॅम, आणि मशीनने गॅस काढून वजन केलं तर निघाला ५६० ग्रॅम! दोन टॉपअपचा जास्तीचा गॅसच प्रेशर अजून वाढवत होता. "ग्यास काही पेट्रोलसारखा जळत नाही ताई, कमी झाला तर लीक शोधायची, नुसता भरायचा नाही." तुम्ही तो हवेत पण सोडला नाही, पाइपातली हवा खेचून (व्हॅक्यूम करून) मोजून ४२० ग्रॅम परत भरला, वरचा तुमच्या टाकीत ठेवला आणि तेवढे पैसे बिलातून कमी केले. मी मागितलं पण नव्हतं. अजून थोडा गॅस भरून तुम्ही मला रवाना केलं असतं तरी मला काय कळणार होतं?

निघताना गाडी जागेवर उभी ठेवून आतल्या एसीच्या जाळीत थर्मामीटर लावलात, ११ डिग्री. बाबांना हाताला धरून गाडीत बसवलंत आणि म्हणालात, काका आता झोपा निवांत. ते खरंच झोपले भाऊ, हॉस्पिटलच्या गेटपर्यंत.

रिपोर्ट चांगले आलेत. पुढचं चेकअप सप्टेंबरमध्ये आहे, जाताना तुमच्याकडे थांबणारच. आईने तुमच्यासाठी कुरड्या आणि सरगुंडे डब्यात भरून ठेवलेत, आणि त्या दिवशी भर उन्हात मोटर आणायला गेलेल्या पोरासाठी वेगळा डबा आहे.